अकरा तालुक्यांच्या पीपीटींची एकच फाइल करताना

दर महिन्याच्या आढावा सभेसाठी आमच्याकडे अकरा तालुक्यांच्या पीपीटी येतात आणि सभागृहात लावायची असते ती एकच. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात सांख्यिकीचं काम बघते, त्यामुळे ही जोडणी माझ्या टेबलावर होते. नव्याने रुजू झालेली मुलंमुली विचारतात, "मॅडम, कॉपी-पेस्टच तर करायचं ना?" कॉपी-पेस्ट चटकन होतं. वेळ लागतो तो त्याच्या आधी आणि नंतर. आशाताई दारोदार फिरून नोंदी घेतात, एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका, त्या उपकेंद्रात चढवतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला बेरीज जाते आणि मग तो आकडा पडद्यावर येतो. एवढ्या लोकांच्या हातून आलेला आकडा शेवटच्या पायरीवर फॉन्ट उडाला किंवा रंग बदलला म्हणून चुकीचा वाचला जाऊ नये, याची मला काळजी असते. म्हणून पद्धत सविस्तर लिहिते आहे.

आधी सगळ्या फाइली एका जागी आणा. महिन्याच्या नावाचं फोल्डर, त्यात 'मूळ' आणि 'काम' अशी दोन. व्हॉट्सअॅप, ईमेल, पेनड्राइव्ह, फाइल कुठूनही येवो, ती 'मूळ'मध्ये जाते आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. तिची प्रत 'काम'मध्ये घ्या आणि नाव बदला: सभेतल्या क्रमाचा आकडा, तालुका, महिना. हे नाव बदलणं महत्त्वाचं आहे, कारण बहुतेकांच्या फाइलीचं नाव 'पीपीटी फायनल' असंच असतं. एकाच तालुक्याकडून दोन फाइली आल्या तर फोन करून विचारा. नंतर आलेली म्हणजे ताजी, असं धरू नका. दुरुस्त केलेली आधी येते आणि मागाहून दुसरं कुणीतरी जुनीच पुन्हा पाठवतं, असंही होतं.

पीडीएफ आली तर मूळ पीपीटी मागवा. मिळतच नसेल तर पानांची चित्रं करून स्लाइडवर बसवता येतात, पण मग ऐन सभेत आकडा दुरुस्त करायचा म्हटलं तर काही करता येत नाही. फार जुन्या पद्धतीची फाइल असेल तर खिडकीच्या वरच्या पट्टीवर 'कंपॅटिबिलिटी मोड' असं लिहिलेलं दिसतं. ती 'सेव्ह अॅज' करून आधी नव्या प्रकारात, म्हणजे पीपीटीएक्समध्ये जतन करा.

पायाची फाइल तुमची असू द्या

पुष्कळ जण पहिल्या तालुक्याची फाइल उघडतात आणि बाकीच्या स्लाइड्स तिच्यामागे चिकटवत जातात. तसं करू नका. त्या तालुक्याचा हिरवा पट्टा, त्यांच्या साहेबांचं नाव असलेली तळओळ, त्यांचे फॉन्ट हे सगळं मग जिल्ह्याच्या फाइलीला चिकटतं. पायाची फाइल वेगळी बनवा: पहिली स्लाइड सभेची, दुसरी विषयपत्रिकेची, नंतर प्रत्येक तालुक्याच्या नावाची एकेक स्लाइड सभेच्या क्रमाने. पार्श्वभूमी पांढरी, मजकूर गडद. मागच्या ओळीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही 'पूर्ण संरक्षित बालके' (सगळ्या लसी पूर्ण झालेली बालकं) हा रकाना वाचता आला पाहिजे, त्यापुढे सजावटीला महत्त्व नाही.

इथेच स्लाइडचा आकार ठरवून टाका. 'डिझाइन'मध्ये 'स्लाइड साइझ' आहे. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी फाइल १६:९ या रुंद आकारात उघडते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती ४:३ असायची. तालुक्यात कुणी नवा साचा वापरतं, कुणी वर्षानुवर्षांची जुनी फाइल पुढे ढकलत असतं, त्यामुळे दोन्ही आकार हमखास येतात. सभागृहातला प्रोजेक्टर बघून तुमचा आकार ठरवा आणि वेगळ्या आकाराची फाइल आली तर पेस्ट करण्याआधी तिच्याच प्रतीत तो बदला. रुंद फाइल ४:३ करताना पॉवरपॉइंट 'मॅक्सिमाइझ' की 'एन्शुअर फिट' असं विचारतो. दुसरा पर्याय घ्या. पहिल्याने तक्त्याचा शेवटचा रकाना स्लाइडबाहेर जाऊ शकतो, आणि टक्केवारी नेमकी त्याच रकान्यात असते. उलट दिशेने, ४:३ वरून १६:९ करताना, मास्टरवरची (सगळ्या स्लाइड्सना लागू होणाऱ्या मूळ साच्यावरची) चित्रं ताणली जाऊ शकतात. कोपऱ्यातलं गोल बोधचिन्ह बघा. ते लांबट झालं असेल तर बाकीची चित्रंही तपासायला हवीत.

फॉन्ट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मराठी पीपीटी जोडताना खरी अडचण फॉन्टची असते. अजूनही अनेक टेबलांवर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी किंवा सुरेखचे जुने फॉन्ट चालतात. हे फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत असतो त्या पद्धतीचे नाहीत. त्यांत फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरं आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. कृतिदेवमध्ये 'भारत' टंकलं की फाइलच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरं बसतात. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. फॉन्ट संगणकावर आहे तोवर पडद्यावर 'भारत' दिसतं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती पाच अक्षरं उघडी पडतात.

म्हणून 'काम'मधली प्रत्येक फाइल उघडून 'होम', 'रिप्लेस', 'रिप्लेस फॉन्ट्स' इथे जा. तिथल्या वरच्या यादीत त्या फाइलमध्ये वापरलेले सगळे फॉन्ट दिसतात. यादी फक्त वाचायची आहे. मंगल, निर्मला यूआय, कोकिळा, अपराजिता, उत्साह, मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी असलं काही दिसलं तर युनिकोड आहे, पुढे चला. कृतिदेव किंवा श्रीलिपीचं नाव दिसलं तर थांबा, आणि तिथूनच त्या फॉन्टच्या जागी मंगल लावून टाकायचा मोह टाळा. फॉन्ट बदलला तरी आतली रोमन अक्षरं तीच राहतात, त्यामुळे सगळ्या स्लाइड्सवर निरर्थक रोमन अक्षरं उमटतात.

मजकूर थोडा असेल तर सरळ युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्या. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक मिळतात. आमच्या स्लाइड्सवर शब्द तसे मोजकेच असतात, मथळे आणि रकान्यांची नावं, तेवढं भराभर होतं. मजकूर जास्त असेल तर फॉन्ट बदलून देणारे परिवर्तक वापरता येतात: जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, दुसऱ्या चौकटीतून युनिकोड उचलायचा.

पण परिवर्तकात आकडे घालू नका. कृतिदेवमध्ये रोमन पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ण आहे आणि तिरप्या रेघेच्या कळीवर अर्धा ध. तक्त्यातली टक्केवारी साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये असेल आणि तुम्ही अख्खा तक्ता परिवर्तकात टाकलात, तर ९२.५ मधल्या दशांश चिन्हाचा ण होतो आणि तारखेतल्या रेघांचे ध होतात. ण दिसला तर निदान लक्षात येतं. दुरुस्तीच्या घाईत कुणी तो नुसता पुसून टाकला की ९२.५ चे ९२५ होतात. आकडे मूळ तक्त्यातच राहू द्या, शब्द तेवढे बदला.

आणखी एक, हे कळकळीने सांगते: ज्या स्लाइडवर रुग्णाचं किंवा गरोदर मातेचं नाव, फोन नंबर आहे, तिचा मजकूर इंटरनेटवरच्या परिवर्तकात टाकू नका. ती माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते.

सगळं युनिकोड झालं की मग 'रिप्लेस फॉन्ट्स' वापरून एकच फॉन्ट लावा. मी निर्मला यूआय लावते. विंडोज ८ पासून तो विंडोजसोबतच येतो, त्यामुळे सभागृहातल्या संगणकावर तो असतोच. मंगल वाईट नाही, पण त्याच्या ओळी जास्त जागा घेतात. मंगल लावला की तक्त्याची प्रत्येक ओळ थोडी उंच होते आणि बारा-पंधरा प्राथमिक आरोग्य केंद्रांचा तक्ता असेल तर खालची दोन-तीन केंद्रं स्लाइडच्या बाहेर जातात. वेगळाच फॉन्ट हवा असेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर खूण करा. ज्या फॉन्टला परवानगी आहे तो फाइलसोबत जातो.

आता जोडा

पायाची फाइल आणि तालुक्याची फाइल दोन्ही उघडा. तालुक्याच्या फाइलीत डावीकडच्या छोट्या स्लाइड्सपैकी एकीवर क्लिक करून कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. मोजक्याच स्लाइड्स हव्या असतील तर कंट्रोल दाबून एकेक निवडा. पायाच्या फाइलीत त्या तालुक्याच्या नावाच्या स्लाइडखालच्या फटीत राइट क्लिक करा. पेस्टची तीन छोटी चित्रं दिसतील: 'यूज डेस्टिनेशन थीम' (पायाच्या फाइलीचे रंग आणि फॉन्ट लागतात), 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' (तालुक्याचं मूळ रूप राहतं) आणि 'पिक्चर' (नुसतं चित्र येतं).

'न्यू स्लाइड'च्या बाणाखाली 'रियूज स्लाइड्स' असेल तर त्याने फाइल न उघडताही स्लाइड्स घेता येतात, आणि तिथे तळाशी 'कीप सोर्स फॉरमॅटिंग'ची चौकट असते. सगळ्या आवृत्त्यांत ते सारखं दिसत नाही. नाही सापडलं तर शोधत बसू नका, कॉपी-पेस्टने तेच काम होतं.

तीन पर्यायांपैकी कुठला? माझं मत स्पष्ट आहे: 'यूज डेस्टिनेशन थीम'. मूळ रूप ठेवलं की प्रत्येक तालुक्याचा मास्टर सोबत येतो, फाइल जड होते, आणि दर तालुक्याला पडद्याचा रंग बदलला की बघणाऱ्यांचं लक्ष आकड्यांवरून उडतं. नकाशा किंवा खास मांडलेली आकृती असेल, तर तेवढ्याच स्लाइडला मूळ रूप ठेवा.

डेस्टिनेशन थीम घेतल्यावर दोन गोष्टी घडतात, त्या डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. एक, मजकूर गायब झाल्यासारखा वाटतो. तालुक्याने निळ्या पार्श्वभूमीवर हाताने पांढरा रंग दिलेला असतो. पार्श्वभूमी पांढरी झाली, अक्षरं पांढरीच राहिली. स्लाइडवर क्लिक करून कंट्रोल-ए केलं की रिकाम्या वाटणाऱ्या जागी चौकटी दिसतात. त्यांना गडद रंग द्या. दोन, आलेखाचे रंग बदलतात. तालुक्याने थीमच्या रंगांतून कमी कामाची केंद्रं लाल आणि चांगली हिरवी दाखवलेली असतील, तर तुमच्या थीममध्ये ती निळी आणि नारिंगी होतात, आणि खाली टीप मात्र 'लाल = ५० टक्क्यांपेक्षा कमी' अशीच राहते. मूळ फाइल शेजारी उघडून रंग पुन्हा द्या.

मथळा भलत्याच जागी गेला असेल तर 'होम'मधलं 'लेआउट' नीट निवडून 'रीसेट' दाबा. पण 'रीसेट'ने हाताने लावलेला फॉन्टही जातो, म्हणून जुन्या फॉन्टची स्लाइड शिल्लक असेल तर ते बटण दाबू नका.

एक तालुका जोडून झाला की स्लाइडची संख्या मूळ फाइलशी ताडून बघा आणि सेव्ह करा. मग पुढचा तालुका. प्रत्येक तालुक्याच्या पहिल्या स्लाइडवर राइट क्लिक करून 'अॅड सेक्शन' करा, सेक्शनला तालुक्याचं नाव द्या. सभेच्या आदल्या संध्याकाळी क्रम बदलल्याचा निरोप आला तर अख्खा सेक्शन उचलून वर-खाली नेता येतो.

आलेखाच्या मागे काय आलं आहे ते बघा

हे फार कमी जणांना माहीत आहे आणि माझ्या मते फॉन्टपेक्षाही गंभीर आहे. एक्सेलमधला आलेख पीपीटीत 'एम्बेड' करून पेस्ट केला की आलेखासोबत अख्खी एक्सेल फाइल येते, तिच्या सगळ्या शीट्ससकट. आलेखावर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' केलं की ती उघडते. पडद्यावर क्षयरुग्णांचे पाच खांब दिसत असतात आणि मागच्या शीटवर त्या रुग्णांची नावं, गावं, मोबाइल नंबर असू शकतात. सभेनंतर हीच पीपीटी व्हॉट्सअॅपच्या गटात फिरते. म्हणून प्रत्येक आलेखाचा 'एडिट डेटा' उघडून बघा. नावं दिसली तर आलेख कट करा आणि त्याच जागी 'पिक्चर' म्हणून पेस्ट करा, म्हणजे फक्त चित्र उरतं. त्या तालुक्यालाही फोन करून सांगा, कारण त्यांची मूळ फाइल तशीच फिरत असते.

काही आलेख एम्बेड नसून तालुक्याच्या संगणकावरच्या एक्सेलला जोडलेले असतात. फाइल उघडताना 'लिंक्स अपडेट करायच्या का' असं विचारलं तर तेच आहे. 'फाइल', 'इन्फो' इथे खाली 'एडिट लिंक्स टु फाइल्स' आहे, तिथे 'ब्रेक लिंक' करा.

स्लाइडखालच्या नोट्सही वाचा. 'साहेबांनी विचारलं तर असं सांगायचं' अशी तालुक्याची स्वतःसाठी लिहिलेली टिपणं तिथे असतात, ती जिल्ह्याच्या फाइलीत राहायला नकोत. लपवलेल्या स्लाइड्सही कॉपीबरोबर येतात. त्यांच्या क्रमांकावर तिरपी रेघ असते. त्या ठेवायच्या की काढायच्या हे तालुक्याला विचारूनच ठरवा.

शेवटची साफसफाई

सगळ्या स्लाइड्स निवडून 'ट्रान्झिशन्स'मध्ये 'नन' करा. तिथेच उजवीकडे 'ऑन माउस क्लिक'वर खूण ठेवा आणि 'आफ्टर'वरची काढा. एखाद्या तालुक्याने स्लाइड आपोआप पुढे जाण्याची वेळ लावलेली असते, आणि साहेब एका केंद्राबद्दल विचारत असताना पडदा पुढच्या तक्त्यावर सरकतो. अॅनिमेशन एकेक काढत बसायची गरज नाही. 'स्लाइड शो', 'सेट अप स्लाइड शो' इथे 'शो विदाउट अॅनिमेशन' आहे. 'इन्सर्ट', 'हेडर अँड फूटर'मधून स्लाइड क्रमांक सगळ्यांना लावा. "सत्तेचाळीस नंबरची दाखवा" म्हटलं की लगेच सापडते: शो चालू असताना ४७ टाइप करून एंटर.

फाइल जड झाली असेल तर कारण बहुतेक वेळा मोबाइलवर काढलेले फोटो असतात. एका फोटोवर क्लिक करून 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स', 'अप्लाय ओन्ली टु धिस पिक्चर'वरची खूण काढायची, १५० पीपीआय निवडायचं. पडद्यासाठी तेवढं पुरतं. मग 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर' उघडा आणि डावीकडे तुमच्याशिवाय आणखी मास्टर आले असतील, तर जे कुठल्याच स्लाइडला लागलेले नाहीत ते काढून टाका.

यानंतर आकड्यांचं वाचन. हे दोघांनी करायचं: एकाने 'मूळ'मधली फाइल उघडून आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने जोडलेल्या फाइलीत बघून 'बरोबर' म्हणायचं. मग प्रत्येक तालुक्याला त्याच्याच पानांची पीडीएफ पाठवून 'बरोबर आहे' असं उत्तर मागवा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सभेत उभं राहून याच आकड्यांवर उत्तर द्यायचं असतं. त्यांनी ते आधी जिल्ह्याच्या फाइलीत बघितलेले असावेत.

ज्यांच्याकडे पॉवरपॉइंट नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुगल स्लाइड्समध्ये 'फाइल', 'इम्पोर्ट स्लाइड्स' आहे. तिथे 'कीप ओरिजिनल थीम'वरची खूण काढली की तुमची थीम लागते. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये 'स्लाइड' मेनूत 'इन्सर्ट स्लाइड फ्रॉम फाइल' आहे. मात्र या दोन्हींत तक्त्यांच्या ओळींची उंची बदलते, तेव्हा प्रत्येक तक्त्याचं तळ बघून घ्या.

सभेच्या दिवशी अर्धा तास आधी सभागृहात जाऊन फाइल तिथल्याच संगणकावर उघडा, पेनड्राइव्हवरून न चालवता डेस्कटॉपवर उतरवून. पिवळी पट्टी आली तर 'एनेबल एडिटिंग' करा, म्हणजे सभेत दुरुस्ती करता येते. प्रत्येक सेक्शनची पहिली आणि शेवटची स्लाइड पडद्यावर बघा, मागच्या ओळीत बसून एक तक्ता वाचून बघा. शेजारी त्याच फाइलची पीडीएफही ठेवा. आणि कुठला आकडा सभेत बदलला तर तो लगेच वहीत टिपा, स्लाइड क्रमांकासकट, कारण इतिवृत्ताबरोबर जी प्रत जाते तिच्यात दुरुस्त आकडा असायला हवा.